भागतं

मंगळवारी दहा ते एक, ग्रिम्सबीच्या वाचनालयात,
मागच्या खोलीत, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात,
मी फॉर्म भरून देते.
पहिलं पान सोपं. नाव, जन्मतारीख, बँकेचा खाते क्रमांक.
माणसं तो पाठ म्हणून दाखवतात
आणि जरा सावरून बसतात.

रॉनल्ड ऑसगर्बी तिसऱ्या पानावर अडला.
साधं जेवण तुम्ही स्वतः करू शकता का?
म्हणाला, भागतं.
आंघोळ?
भागतं.
कपडे घालणं, काढणं?
भागतं हो. लिहा पुढे.

चाळीस वर्षं गोदीवर हॅडॉकचे काटे काढले त्यानं.
मनगटापर्यंत बर्फ,
सुरी एकदाच फिरायची, डोक्यापासून शेपटीपर्यंत.
आता बोटं अशी वळलीत
की टेबलावर ठेवली तर वाटतं
कुणीतरी आपली विसरून गेलंय.

मी पेन खाली ठेवलं.
डबा कसा उघडता?
गुडघ्यांत धरून.
बटाटे?
सोलत नाही. सालासकट बरे लागतात.
उकळतं पाणी?
पातेलं उचलत नाही, ओट्यावरून सरकवत नेतो.
फेब्रुवारीत एकदा नीट सरकलं नाही...
आणि बाही खाली ओढली त्यानं.
शर्टाची बटणं?
लावलेलीच असतात. डोक्यातून घालतो.
नाताळपासून लावलेलीच आहेत.

भागतं म्हणजे हे.
भागाकारात वर जे येतं तेवढंच हा माणूस सांगतो.
खालची बाकी
बाहीत घालून घरी नेतो.
आणि फॉर्मला नेमकी बाकीच हवी असते.

वाईट दिवसाचं लिहू या, मी म्हटलं.
तो भडकला. रडगाणं गायला आलो नाही मी.
वरच्या मजल्यावरच्या मिसेस ट्रिप बघा,
नाकात नळी घालून झोपतात.
म्हटलं, त्यांच्या ताटातलं काढून
तुम्हाला कुणी वाढत नाहीये.
यावर तो बराच वेळ रेडिएटरकडे बघत बसला.

शेवटी सही. घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलेलं.
सही चौकट सोडून खाली उतरली,
फक्त कार्यालयीन उपयोगासाठी, तिथपर्यंत गेली.
त्या सहीलाच गुण द्यायला हवे होते.
तशी सोय नाही.

सप्टेंबरात पाकीट आलं, तपकिरी.
सहा गुण. आठ लागतात.
तपासायला बसलेल्यांनी लिहिलं होतं :
अर्जदाराचा पोशाख नीटनेटका.
शर्टाची सर्व बटणं लावलेली होती.

ते वाक्य त्यानं मला दोनदा वाचायला लावलं.
मग हसला, ठसका लागेपर्यंत हसला.
मला पाणी आणायला उठावं लागलं,
बरं झालं, उठावं लागलं ते.

फेरविचारासाठी महिन्याची मुदत. नवा कागद.
काय लिहू, विचारलं.
म्हणाला, लिहा.
लिहा की गोळ्यांच्या बाटलीवर छापलंय, मुलांपासून दूर ठेवा,
आणि ती मला शेजारची नऊ वर्षांची ब्रॉनी उघडून देते.
लिहा की ती आजीकडे राहायला गेली
तेव्हा चार रात्री मी गोळीविना काढल्या.
लिहा की बहिणीला दर महिन्याला पत्र टाकायचो.
वर्ष झालं.
तिला वाटतंय मी रुसलोय.
हे पण लिहायचं असतं का?
म्हटलं, असतं.

जागा संपली. आवश्यक वाटल्यास जादा कागद जोडावा.
जोडला.
त्या खोलीची खिडकी कधीच पुरती लागत नाही,
समुद्राकडून वारा आत येतो.
लिहून झालेलं पान उडायला लागलं,
तेव्हा मी काही म्हणायच्या आत
रॉनल्डनं आपला हात उचलला
आणि त्यावर ठेवला.